कर आहे, कवच नाही

१८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या भारतीय क्रिप्टो बाजारमंचाच्या एका पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलरची टोकन लुटली गेली. हे पाकीट म्हणजे ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’. ठरलेल्या सह्या मिळताच व्यवहार आपोआप पार पाडणारी आज्ञावली. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसला. प्रत्यक्षात त्यांच्या सह्यांनी पाकिटाचे नियंत्रणच चोरांच्या आज्ञावलीकडे गेले. पुढे मंच आणि पाकीटसेवा देणारी ‘लिमिनल’ यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाला जबाबदार ठरवले.

गुंतवणूकदार तंजावूर जिल्ह्यातल्या पापनाशमचा असो वा सांगलीचा, त्याच्यापुढचा प्रश्न एकच: भरपाई कोण देणार? २०२२ पासून सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेते. व्यवहारावर १ टक्का करकपातही होते. मार्च २०२३ पासून असे मंच काळा पैसाविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत. मात्र ग्राहकाची ठेव लुटली गेल्यास उत्तरदायित्व कोणाचे, हे सांगणारा स्वतंत्र कायदा नाही.

ही पोकळी अंशतः भरली ती मद्रास उच्च न्यायालयाने. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच मंचाच्या एका ग्राहकाच्या अर्जावर न्यायालयाने क्रिप्टो चलन ही मालमत्ता असून ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते, असा निर्वाळा दिला. परंतु प्रत्येक ग्राहकाला न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. ठेवी वेगळ्या राखणे, सहीपूर्वी स्वतंत्र पडताळणी करणे आणि नुकसानीची जबाबदारी निश्चित करणे, या तीन गोष्टी संसदेने कायद्यात आणायला हव्यात. कर घेणाऱ्या राज्याचे एवढे कर्तव्य ठरतेच.