शस्त्रक्रियेनंतरचे मौन

पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी लोकल सुमारे सव्वा तास घेते आणि तीत स्वच्छतागृह नसते. तरुण प्रवाशाच्या हे ध्यानीही येत नाही. पौरुषग्रंथीवरील, म्हणजेच प्रोस्टेटवरील, लेसर शस्त्रक्रियेला महिना लोटलेल्या ज्येष्ठ कारकुनाला वा शिक्षकाला मात्र हा प्रवास परीक्षाच वाटतो. खोकल्याची एक उबळ येते, वस्त्र ओले होते आणि तो गृहस्थ ही गोष्ट पत्नीलाही सांगत नाही.

साठीच्या सुमारास जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही ग्रंथी वाढलेली आढळते. धार मंदावते, रात्री वारंवार उठावे लागते. औषधांनी भागले नाही की शस्त्रक्रिया करावी लागते. न्यूझीलंडचे पीटर गिलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या होल्मियम लेसर पद्धतीने मोठी ग्रंथीही पोट न उघडता काढता येते. रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर घरी जातो. हे श्रेय निर्विवाद होय. परंतु लेसर या शब्दाभोवती चमत्काराचे वलय निर्माण झाले आहे आणि घोटाळा तेथेच होतो.

वर्षानुवर्षे अडथळ्याविरुद्ध झगडलेले मूत्राशय अडथळा दूर होताच शांत होत नाही. ते उतावीळच राहते. शिवाय मूत्र रोखण्याचा सारा भार आता बाहेरच्या स्नायुवलयावर पडतो, आणि शस्त्रक्रियेत त्यावर ताण आलेला असतो. म्हणून काहींना काही आठवडे, तर काहींना तीन ते सहा महिने गळतीचा त्रास होतो. बहुतेकांचा तो ओसरतो. कायमचा त्रास थोड्यांच्याच वाट्याला येतो.

हे रुग्णाला आधी सांगितले गेले पाहिजे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले की, संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, लाभ, पर्याय आणि महत्त्वाचे धोके रुग्णास कळले पाहिजेत. छापील कागदावरची घाईची सही म्हणजे संमती नव्हे. आधी कळलेली गळती हा बरे होण्याचा एक टप्पा ठरतो. न कळलेली गळती फसवणूक वाटते.

उपायही आहेत. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घेणे हिताचे. चहा कमी करावा. मात्र पाणी तोडू नये, कारण दाट मूत्राने मूत्राशय अधिकच चाळवते. उतावळेपणावर औषधे आहेत. वर्षानंतरही गळती थांबली नाही, तर स्नायूला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम स्नायुवलय बसविता येते. मूत्र अडले, ताप आला वा रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांना गाठावे.

याबरोबरच समाजाचेही एक कर्तव्य आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. शहर वाढले, ज्येष्ठांची संख्याही वाढणार. स्थानकावर, एस. टी. आगारात आणि बाजारपेठेत स्वच्छ, सहज पोहोचता येणारी स्वच्छतागृहे असणे ही शोभेची बाब नव्हे. त्यांच्या अभावी धडधाकट मनुष्य घरात कोंडला जातो. लेसरने मूत्रमार्ग मोकळा केला. रुग्णाची वाणी मोकळी करण्याचे काम डॉक्टरांनी, कुटुंबाने आणि नगराने करावयाचे आहे.