अपेक्षांचा दोष कोणाचा?

एखाद्या नव्या ऑनलाइन खेळाबद्दल निराशेचा सूर उमटूं लागला, कीं विक्रेत्यांचे वकील एक ठराविक उत्तर पुढें करतात: ‘खेळाडूंच्या अपेक्षाच अवास्तव होत्या.’ हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं; आणि तें कां, हें एका गाजलेल्या उदाहरणानें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा ‘फॉलआउट ७६’ हा खेळ १४ नोव्हेंबर २०१८ रोजीं विक्रीस आला. अणुयुद्धानें उद्ध्वस्त झालेल्या जगांत वाट काढावी, भेटणाऱ्या माणसांशीं बोलावें, कोणाचा पक्ष घ्यावयाचा तें ठरवावें, हें १९९७ पासून चालत आलेल्या या मालिकेचें वैशिष्ट्य. आतां हेंच जग अनेकांनीं मिळून अनुभवावयाचें होतें. देखावा वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांचा. विस्तार ‘फॉलआउट ४’च्या चौपट, अशी जाहिरात. परंतु या अफाट प्रदेशांत खेळणाऱ्यांखेरीज बोलावयास एकहि जिवंत माणूस ठेवलेला नव्हता! कथा ऐकावयाची ती मृतांच्या ध्वनिफितींवरून, चिठ्ठ्यांवरून आणि यंत्रमानवांच्या तोंडून. भेटेल तो माणूस खरा खेळाडूच असेल, हें कंपनीनें आधींच सांगितलें होतें, ही गोष्ट खरी; पण एका जगांत खेळाडू सुमारें दोन डझन! यजमानानें मोठा मंडप घालावा, आणि पाहुण्यांस सांगावें कीं एकमेकांचें आदरातिथ्य तुम्हीच करा, तशांतला हा प्रकार. त्यांत तांत्रिक दोषांची भर. साठ डॉलरांचा हा खेळ दोन आठवड्यांच्या आंतच कित्येक दुकानांत उतरत्या किंमतीस मिळूं लागला. ज्यानें विश्वासानें आधीं पैसे भरले, तोच अधिक नाडला गेला.

बरें, खेळ रुचणें न रुचणें हा आवडीचा प्रश्न म्हणून सोडून देऊं. जेथें आवडीचा संबंधच नाहीं, अशी गोष्ट घ्या. दोनशें डॉलरांच्या विशेष आवृत्तीबरोबर कॅनव्हासची पिशवी मिळेल, असें जाहीर झालें होतें; हातीं आली ती नायलॉनची. भरपाई म्हणून प्रथम काय देऊं केलें? तर खेळांतलेंच चलन, सुमारें पांच डॉलर किंमतीचें! ओरड झाली तेव्हां कुठें खऱ्या पिशव्या देण्याचें ठरलें. कॅनव्हास म्हणून विकलें तें कॅनव्हासच असावें, ही काय अवास्तव अपेक्षा? ऑस्ट्रेलियांत तर तेथील ग्राहक आयोगानें प्रकरण हातीं घेतल्यावर, नोव्हेंबर २०१९ मध्यें, बेथेस्डाची तेव्हांची मालक कंपनी झेनिमॅक्स हिला पैसे परत देण्याचें मान्य करावें लागलें.

‘पण पुढें खेळ सुधारला ना?’ असें कोणी विचारील. सुधारला, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. एप्रिल २०२० मध्यें या जगांत माणसें आणून बसविलीं, आणि रिकाम्या माळास वस्तीचें रूप आलें. परंतु त्यापूर्वींच, ऑक्टोबर २०१९ मध्यें, खासगी जगांत खेळण्यासारख्या सोयींकरितां महिना सुमारें तेरा डॉलरांची वर्गणी मात्र सुरू झाली होती. वर्गणी आधीं, माणसें मागाहून! पहिल्या दिवशीं पूर्ण किंमत देणारा मनुष्य ग्राहक नव्हता. तो नकळत बिनव्याजी कर्ज देणारा धनको होता.

याच धंद्यांत सचोटीचाहि मार्ग आहे. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा ‘फायनल फँटसी १४’ सप्टेंबर २०१० मध्यें असाच फसला. तिनें अपेक्षांस दोष दिला नाहीं. जाहीर क्षमा मागितली, वर्षाहून अधिक काळ मासिक वर्गणी घेतली नाहीं, नोव्हेंबर २०१२ मध्यें तो खेळ बंद केला, आणि ऑगस्ट २०१३ मध्यें नव्यानें रचून पुढें आणला. चूक दोघांचीहि, परंतु एकीनें तिचा भार स्वतः उचलला, दुसरीनें तो बराचसा खेळाडूंच्या शिरावर ठेवला.

आमच्या वाचकांच्या घरींहि मुलें असे खेळ मागतात. त्यांस ‘नाहीं’ म्हणावें असें आमचें म्हणणें नाहीं. ‘खेळ बाहेर येऊन महिना होऊं दे’ इतकेंच सांगावें. अपेक्षा ही विक्रेत्यानें आपल्या हातानें लिहून दिलेली हुंडी आहे. ती वटली नाहीं, तर दोष लिहिणाऱ्याचा, कीं विश्वासानें ती घेणाऱ्याचा?