शेवटचे कडवे

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, वडीगोद्रीजवळ, अंतरवाली सराटी नावाचे गाव आहे. २०२३ सालच्या ऑगस्टपर्यंत हे नाव आसपासच्या पंचक्रोशीपलीकडे फारसे कोणी घेत नव्हते. मराठा आरक्षणासाठी तिथे झालेल्या उपोषणानंतर ते महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. परंतु आज त्या विषयावर लिहायचे नाही. आज लिहायचे आहे ते एका गाण्यावर. नेमके सांगायचे तर, एका गाण्याच्या शेवटच्या कडव्यावर.

एप्रिल महिन्यातली संध्याकाळ होती. कापसाची रानं मोकळी झालेली, ऊन कलले तरी अंगणे तापलेली. जयंतीचे दिवस असल्याने दूर कुठे तरी भीमगीते लागली होती. ओळखीच्या एका घरी मी चहाला बसलो होतो. ओट्यावर घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईलवर गाणे ऐकत होता. गाणे वामनदादा कर्डकांचे, पण खाली ताल नवा, डीजेचा. गाणे संपले आणि भिंतीला टेकून बसलेले आजोबा एकदम म्हणाले, “आरं, वामन कुठं गेला?”

“कोन वामन, बाबा?” पोराने विचारले.

“ज्यानं गानं केलं त्यो. शेवटच्या कडव्यात त्याचं नाव येतं. कापलं की रं त्याहींनी!”

हे आजोबा तरुणपणी गायन पार्टीत ढोलकी वाजवत. पेटी, ढोलकी, टाळ आणि चार गळे घेऊन गोदाकाठची गावे त्यांनी पायी पालथी घातली होती. त्यांनी कानावर हात ठेवला आणि ते गाळलेले कडवे थरथरत्या आवाजात म्हणून दाखवले. मुलगा ऐकत राहिला. आपण इतके दिवस अर्धेच गाणे ऐकत होतो, हे त्याला तेव्हा कळले.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सवाल एका कडव्याचा नव्हता. ज्या माणसाची गाणी आपण वर्षानुवर्षे नाचलो, गायलो, मिरवली, त्याचे नाव घेण्याइतकीही सवड आपल्यापाशी उरली नाही काय, हा सवाल होता.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. घर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले, गरिबीचे. शाळा नशिबी आली नाही. पोटासाठी मुंबई गाठली आणि मिळेल ते काम केले. शिवडीच्या चाळीत राहात असताना कोणी तरी त्यांच्यापुढे एक पत्र धरले आणि वाचून दाखवायला सांगितले. चांगल्या कपड्यांतला हा तरुण निरक्षर असेल, असे त्या बापड्याला वाटले नसावे. वामनदादांना ती शरम सोसली नाही. तिथून त्यांनी अक्षरे गिरवायला घेतली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला शिकले. विशीतल्या माणसाने मुळाक्षरांपासून सुरुवात करायची आणि पुढे हजारो गाणी लिहायची, ही गोष्ट आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असायला हवी.

१९४३ साली एका हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन म्हणून त्यांनी पहिले गाणे रचले. लोक हसले, आणि आपल्या शब्दांनी माणसे हलतात हे त्यांना उमगले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराने त्यांच्या गाण्याला दिशा दिली. मग घर असे उरलेच नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. हातात वाद्य, खांद्याला पिशवी आणि मुक्काम एखाद्या कार्यकर्त्याच्या ओसरीवर. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे गीतसंग्रह निघाले, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मचरित्र आले. तरी त्यांची खरी पुस्तके म्हणजे माणसांचे गळेच होते. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते अशा घरांतून चूल पेटली नाही, असे जुनी माणसे आजही सांगतात.

मराठवाड्याशी तर या गाण्यांचे नाते रक्ताचे आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि खेड्यापाड्यांतली पोरे पत्र्याची पेटी घेऊन शिकायला निघाली. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या या साडेपंधरा वर्षांत भाषणे झाली, मोर्चे झाले. पण घाबरलेल्या वस्तीत रात्री धीर द्यायला भाषण पुरत नाही. तिथे गाणे लागते. शाहिरांनी आणि गायन पार्ट्यांनी तो धीर दिला. त्यांच्या नावाने रस्ते झाले नाहीत, पुतळे उभे राहिले नाहीत. त्यांच्या नावाची एकच जागा होती, गाण्याचे शेवटचे कडवे.

आणि ही जागा काही नवी नव्हे. आपल्या भाषेत ती सातशे वर्षांची आहे. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ या मुद्रा कशासाठी होत्या? छापखाना नव्हता, पुस्तक नव्हते, म्हणून कर्त्याने आपले नाव गाण्यातच विणून ठेवले. गाणे जिथे जाईल तिथे नाव जाईल, ही त्यामागची साधी युक्ती. गोदावरीच्या याच खोऱ्यात पैठणला एकनाथ झाले, गंगाखेडला जनाबाई जन्मली, आणि आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी समर्थ रामदास जन्मले. दळण कांडणाऱ्या जनीचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण ते तिच्या अभंगात आहे आणि वारकऱ्यांनी ते कधी गाळले नाही. विचार करा, एखाद्या कीर्तनकाराने वेळ वाचवायला ‘तुका म्हणे’ वगळून अभंग संपवला तर सभामंडप गप्प बसेल काय? मग वामनाची मुद्रा कापली गेल्यावर आपण गप्प का बसतो?

इथे मला सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाची आठवण होते. वामनदादा जन्मले त्याच्या पुढच्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९२३ रोजी, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या एका खेड्यात हँक विल्यम्स नावाचा मुलगा जन्मला. तोही गरिबाघरचा. त्याला गाण्याचे धडे दिले ते रस्त्यावर गाणाऱ्या रूफस पेन या काळ्या कलावंताने. शेतकरी, मजूर, आगगाडी, एकटेपण, तुटलेला संसार हे त्याच्या गाण्यांचे विषय. तिकडे या गाण्यांना ‘कंट्री म्युझिक’ म्हणतात. आपण त्याला गावगाणे म्हणू. दारूने आणि दुखण्याने हा माणूस पोखरला गेला आणि १९५३ सालच्या पहिल्याच दिवशी, कार्यक्रमाला जाताना, मोटारीच्या मागच्या सीटवर मरण पावला. वय अवघे एकोणतीस.

त्याच्या जगण्याची थोरवी सांगण्यासाठी मी हे नाव काढलेले नाही. सांगायचे आहे ते पुढचे. १९६१ साली नॅशव्हिल शहरात गावगाण्याच्या मानकऱ्यांचे दालन सुरू झाले, तेव्हा निवडलेल्या पहिल्या तिघांत तो होता. त्याचे बालपणीचे घर जपून ठेवले आहे. २०१० साली पुलित्झर पुरस्काराच्या मंडळाने त्याला मरणोत्तर विशेष सन्मान दिला. त्याच्या गाण्यांच्या हक्कांवरून तर वारसांचे खटले वर्षानुवर्षे चालले. खटले ही काही चांगली गोष्ट नव्हे, पण गाण्याला किंमत आहे म्हणून तर भांडण झाले! आपल्याकडे भांडायलाही कोणी येत नाही, कारण गाणे कोणाचे हेच विचारले जात नाही. मात्र एक गोष्ट तिकडेही तशीच आहे. हँकचे नाव जग जाणते, पण त्याला शिकवणारा रूफस पेन कितीकांना ठाऊक आहे? नाव टिकणे आणि पुसले जाणे यामागे जात आणि वर्ण कसे उभे असतात, हे तिथेही दिसते आणि इथेही.

यावर काही जण म्हणतील, लोकगीत हे लोकांचे. त्याला नाव कशाला चिकटवता? वामनदादांनी स्वतः कधी हिशेब मागितला नाही, मग तुम्ही का मागता? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे. ज्याने आयुष्यभर हिशेब मागितला नाही, त्याच्याबाबतीत हिशेब ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते. शिवाय ‘पारंपरिक’ हा शब्द फार सोयीचा आहे. रचणारा गरीब असला, कमी शिकलेला असला की त्याचे गाणे चटकन पारंपरिक होते. शहरातल्या नामवंत कवीचे गाणे तसे होत नाही. ही परंपरा नव्हे, ही विसरण्याची सवय आहे.

दुसरे कोणी म्हणतील, डीजेमुळे निदान गाणी नव्या पोरांपर्यंत पोहोचली. हेही खरे. मला नव्या तालाचे वावडे नाही. वामनदादांनीही सिनेमाच्या चालींवर गाणी बांधली होतीच. चाल बदला, ताल बदला, वाद्ये बदला; पण रचणाऱ्याचे नाव ठेवा. एवढेच मागणे आहे.

आणि हे मागणे केवळ भावनेचे नाही, कायद्याचेही आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवरचा हक्क टिकतो. म्हणजे वामनदादांच्या रचनांवरचा हक्क २०६४ सालाच्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. रचना आपली आहे असे सांगण्याचा अधिकार तर कायद्याने वेगळा मानला आहे. हक्क विकले तरी तो जात नाही. २०१२ सालच्या दुरुस्तीने गीतकारांच्या मानधनाच्या वाट्यालाही संरक्षण दिले. मुंबईच्या नामवंत गीतकारांना या दुरुस्तीचा आधार झाला. पण गोदाकाठी वहीत गाणे लिहून ठेवणाऱ्याला हा कायदा कोण समजावून सांगणार? त्याची वही जास्तीत जास्त त्याच्या माळवदाच्या घरातल्या कोनाड्यात असते. एका पावसाळ्यात घर गळते आणि वही जाते.

बायकांच्या गाण्यांचे तर विचारूच नका. त्यांच्यापाशी वहीसुद्धा नव्हती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगावी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांत गोदावरीपलीकडच्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. या कामाचे मोठेपण असे की ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदवले गेले. जाते थांबले, पिठाची गिरणी आली, पण त्या बाईचे नाव राहिले. दोन माणसांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी हे करून दाखवले. मग आपल्या एवढ्या मोठ्या समाजाला एका गावापुरते का जमू नये?

शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, आणि ती असायलाच हवी. पण सगळे शासनाने करावे आणि आपण खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचावे, हे काही बरे नव्हे. काही गोष्टी घरच्या घरी होण्यासारख्या आहेत. कार्यक्रमात गाणे सुरू होण्यापूर्वी रचणाऱ्याचे नाव सांगावे. त्याला पाच सेकंद लागतात. लग्नात, जयंतीत, गणपतीत, कुठेही गाणे वाजो, शेवटचे कडवे कापू नये. शाळेच्या गुरुजींनी मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत निबंधाऐवजी एक काम द्यावे: आपल्या गावात गाणी, ओव्या, भारुडे, पोवाडे रचणारे कोण होते, ते आजी-आजोबांना विचारून वहीत उतरवा. ग्रामपंचायतीने त्या वह्यांसाठी एक कपाट द्यावे. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. एके काळी त्यासाठी आकाशवाणीपर्यंत जावे लागे. साधन नाही ही सबब आता उरलेली नाही.

अंतरवाली सराटीचे नाव आंदोलनामुळे बातमीत आले. बातमीचे आयुष्य थोडे असते. कुठल्याही गावाचे खरे नाव त्याच्या माणसांनी काय रचले, काय गायले यावर टिकते. देशवंडी हे गाव कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. एका निरक्षर पोराने गाणी रचली म्हणून ते आपल्याला माहीत आहे. अशी पोरे प्रत्येक गावात असतात. आपण त्यांची नावे विचारत नाही, इतकेच.

त्या संध्याकाळी मी निघताना पोराने मोबाईल पुढे केला होता. “बाबा, परत म्हना ना ते कडवं, भरून घेतो.” आजोबा आधी नको नको म्हणाले. मग त्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला, घसा साफ केला आणि विचारले, “चालू झालं का?”

“झालं, बाबा.”

आणि त्यांनी गाण्याच्या आधी रचणाऱ्याचे नाव सांगितले.