आधी चाचणी, मग प्रोग्रॅम



आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. घटक चाचणीच्या निकालासाठी मी एक्सेलमध्ये सूत्र लिहिलं होतं: गुण ३५ किंवा जास्त असतील तर 'उत्तीर्ण', नाहीतर 'अनुत्तीर्ण'. दोन-चार मुलांचे गुण टाकून पाहिले, बरोबर आलं. खूश! निकाल वाटल्यावर एक आई हसत म्हणाल्या, "सर, हा तर तापाने घरी होता, मग पास कसा झाला?" मी गुणांच्या जागी 'गैरहजर' लिहिलं होतं. एक्सेलमध्ये शब्दाची आकड्याशी तुलना केली की शब्दच मोठा ठरतो. त्यामुळे गैरहजर मुलगा थेट पास! उलट झालं असतं, म्हणजे पास मुलाला नापास दाखवलं असतं, तर त्या हसल्या नसत्या.

आता हेच काम उलट्या क्रमाने करून बघा. सूत्राला हात लावायच्या आधी कागदावर लिहा: ३५ ला उत्तीर्ण, ३४ ला अनुत्तीर्ण, 'गैरहजर' ला गैरहजर, रिकाम्या चौकटीला 'गुण भरा'. हे लिहितानाच माझी चूक सापडली असती. सॉफ्टवेअरवाले याला टेस्ट ड्रिव्हन डेव्हलपमेंट म्हणतात. केंट बेक यांनी २००२ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि ही पद्धत सगळीकडे पोचली.

पद्धत अशी. एक छोटी चाचणी लिहायची, एकच. ती चालवायची आणि नापास होताना बघायची. हे का? कारण जी चाचणी कधी नापासच होत नाही, ती काही तपासते की नाही हे कळणार कसं? मग ती पास होण्यापुरताच कोड लिहायचा. मग कोड नीटनेटका करायचा. मोडतोड झालीच, तर जुन्या चाचण्या लगेच ओरडतात. मग पुढची चाचणी. यात वेळ जातो, हे खरं. नुसतं काहीतरी करून बघायचं असेल तर एवढा खटाटोप नकोच. आणि जे आपल्याला सुचलंच नाही ते चाचणीतही येत नाही. पण निकाल, फी, औषधाचा डोस असं काही असेल तर मी तरी हाच क्रम धरीन.

आपल्या नेरूळमध्ये कोडिंग क्लासच्या पाट्या जागोजागी दिसतात. मुलं 'ॲप' करून दाखवतात, आपण कौतुक करतो. करावंच. पण पालकहो, एक प्रश्न जरूर विचारा: "हे बरोबर चालतंय हे तुला कसं कळलं?" तुमच्यापैकी जे ऐरोली-महापेला आयटीत आहेत, त्यांना हा प्रश्न ऑफिसात रोज भेटत असेल. घरी मात्र तो कुणी विचारत नाही. आणि शिक्षकांनो, आपण प्रश्नपत्रिकेसोबत आदर्श उत्तरपत्रिका आधीच तयार करतो ना? मग संगणकाच्या तासाला मुलांकडून अपेक्षित उत्तरं आधी का लिहून घेत नाही?

मी नववीच्या वर्गात हे करून पाहिलं. फळ्यावर माझ्या चारही चाचण्या लिहिल्या, सुधारलेलं सूत्र चालवलं, सगळ्या पास. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, चुकून १०५ टाकले तर?"

टाकले. 'उत्तीर्ण' आलं. वर्ग हसला, आणि मी फळ्यावर पाचवी ओळ लिहिली.