ताबा बापाचाच कसा?



‘जन्मदाखल्यावर बापाचं नाव चढलं की ताबाही त्याचाच’ असं लग्नाबाहेरच्या मुलांबद्दल आपल्या एका वाचकाने परवाच्या पत्रात ठासून लिहिलं. कायदा उलट आहे. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. ६ जुलै २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने तर अविवाहित आईला पालकत्वाच्या अर्जात बापाचं नाव सांगायची वा त्याला नोटीस द्यायची सक्ती नाही, असा निकाल दिला. बापाला ताबा हवाच असेल तर १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली आपल्याकडे अलिबागच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. तिथे मुलाचं हित पाहतात, पितृत्वाच्या डीएनए चाचणीचा कागद एकटा पुरत नाही.

रोहा-सुधागडच्या कातकरी वाड्यांत लग्नाविना नांदणाऱ्या जोडप्यांचं उदाहरण तर पत्रलेखकाने देऊच नये. कातकऱ्यांसारख्या अनुसूचित जमातींना हा १९५६चा कायदा मुळात लागूच नाही (केंद्राने वेगळी अधिसूचना काढली तरच), आणि दीर्घकाळ एकत्र नांदलेल्या जोडप्याला न्यायालयं सहसा विवाहितच धरतात.

बापाच्या जबाबदारीबद्दल मात्र पत्रात अक्षर नाही. पोटगीचा हक्क लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही आहे, कुठल्याही धर्माच्या. बाप पितृत्वच नाकारत असेल, तेव्हा ती डीएनए चाचणी खरी कामाला येते.

– एक वाचक, मुरुड