पायी निघणाऱ्यांचा जाहीरनामा



आळंदीत दारात पाऊल टाकायचे आणि दुसरे पाऊल चंद्रभागेच्या वाळवंटात ठेवायचे, याचे आता कोणाला नवल उरलेले नाही. आमच्या पणज्यांनाही नव्हते. इंद्रायणीकाठी जमलेले आम्ही वारकरी आज जाहीर करतो, की यापुढे आम्ही दारातून वारी करणार नाही.

आमच्याविषयी भलतेसलते पसरले आहे, म्हणून कारण नीट सांगतो. दारात माणूस मरतो, पलीकडे त्याची नक्कल निघते, या भीतीने आम्ही बिथरलो म्हणे. १९९७ साली प्रयोगशाळेत प्रकाशकणाची स्थिती अशी पलीकडे नेली, तेव्हाही ठाऊक होते की अलीकडची स्थिती मोडल्याशिवाय पलीकडे ती उभी राहत नाही. त्या मोडण्यात जिवाचे काय होते, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. पलीकडे निघालेल्याच्या तोंडी विठ्ठल असेल, तर आम्ही त्याच्याही पाया पडू.

आमचे भांडण गाळणीशी आहे. यंत्र शरीर तेवढे आपले मानते. तळव्याची माती, नखातला चिखल, पाठीवर सुकलेले घामाचे मीठ, सगळे परके म्हणून वगळते. माणूस धुतल्या तांदळासारखा बाहेर पडतो. लहानथोर एकमेकांची पायधूळ कपाळी लावतात, अशी आमची रीत. पायाला धूळच लागली नाही, तर लावायचे काय?

मातीबरोबर गावेही गाळली गेली. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. वर्षातून एकदा माउली या गावांत मुक्कामाला यायची. चुलीपुढची बाई स्वतः कधी पंढरीला गेली नसेल, पण तिची भाकरी कोणाच्या तरी पोटातून तिथवर जायची. दाराला दोनच टोके असतात. ही बाई कुठल्याच टोकाला राहत नाही. पूर्वी बार्शी लाइट रेल्वे होती, एसटी होती. त्यांच्याशी आमचे वैर नाही. एसटी निदान फलटणला चहाला थांबायची.

तरीही आम्ही गप्प होतो. मग माउलींच्या पादुकाच दारातून पाठवायचा ठराव आला. नीरा नदीत स्नान कसे घालायचे, असे विचारले, तर उत्तर मिळाले, नीरेचे पाणीही दारातून मागवू. त्या दिवशी आमच्यातले सगळ्यांत शांत म्हातारे उठून बाहेर गेले, आणि आम्ही त्यांच्या मागोमाग.

आजारी, थकलेले, लेकुरवाळ्या यांनी दारातून यावे. त्यांना उणे बोलेल तो आमचा नव्हे. दार फोडायला जाईल तोही आमचा नव्हे. मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजी १९४७ साली ज्या पंढरीत उपाशी बसले, तिथे दारे बंद पाडायची भाषा आमच्या तोंडी शोभणार नाही. सरकारकडे मागणी एकच: जुनी पालखीवाट कोणाच्या नावे चढवू नये. दिवे घाटात तिला बाभळींनी गिळले आहे. त्या बाभळी आम्ही तोडू, कोयते आमचे.

प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. अंथरूण-पांघरूण ज्याचे त्याने आणावे. पायाला फोड येतील, त्याला हळद चालते. यंदा एखाददुसरा मुक्काम चुकेल, कारण ती वाट चाललेला माणूस आमच्यात एकही नाही. जेवणाचे तरडगावकर बघतो म्हणालेत.