सेवा आईबापांची, वसतिगृह मुलांचं

मिशनरी म्हटलं की माझ्या पिढीला जालन्याचा मिशनचा दवाखाना आठवतो, मिरजेचं वानलेस हॉस्पिटल आठवतं, नगरच्या मिशनच्या शाळा आठवतात. या लोकांनी आपल्याकडच्या मुलांना शिकवलं. पण त्यांची स्वतःची मुलं कुठे शिकत होती, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

उत्तर असं, की बरीचशी आईबापांपासून लांब. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 1831 मध्ये सुरू झालं. तेव्हा मूल जरा मोठं झालं की बोटीत बसवून अमेरिकेला नातेवाइकांकडे पाठवायची रीत होती. पुढे 1901 मध्ये कोडाईकॅनॉलला मिशनरींच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली. मग नगरकडची मुलंही तिथे जाऊ लागली, काही मसुरीच्या वुडस्टॉकला गेली. थंडीत मोठी सुट्टी, तेव्हा घरी यायचं. उन्हाळ्यात आईबाप काही आठवडे डोंगरावर राहायला जात. बाकी वर्षभर पत्रं! आफ्रिकेतही तेच. केनियात किजाबेला 1906 मध्ये निघालेली रिफ्ट व्हॅली अकॅडमी आजही चालू आहे.

यामागे कारणं होती, ती नाकारून चालणार नाही. पटकी आणि हिवतापाने लहान मुलं दगावत. पुढे मायदेशी कॉलेजात जायचं तर तिकडचाच अभ्यासक्रम हवा. शिवाय त्या शाळांत जीव ओतून शिकवणारे शिक्षक होते, आणि तिथून शिकलेली कितीतरी मुलं पुढे उत्तम निघाली. पण 'तुमचं गाव कोणतं?' या साध्या प्रश्नाशी मात्र त्यातली अनेक अडखळत राहिली. रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात भारतातल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' असं नाव दिलं.

काही ठिकाणी याहून वाईट घडलं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात मामू इथे अशीच एक शाळा होती. ती 1971 मध्ये बंद झाली. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी मोठेपणी तोंड उघडलं, तेव्हा 1990 च्या दशकात मिशनला चौकशी आयोग नेमावा लागला. मारहाण आणि त्याहून घाणेरडे प्रकार बाहेर आले. मुलांनी घरी लिहिलेली पत्रं आधी वाचली जात. आणि तक्रार केलीत तर आईबाबांच्या देवकार्यात विघ्न येईल, असं त्यांच्या मनावर बिंबवलं जाई. मला मारहाणीपेक्षाही हे भयंकर वाटतं. मुलाने रडायचं तेही कार्याला भिऊन! आणि हे फक्त ख्रिस्ती मिशनपुरतं आहे असं समजू नका. कार्य कुठलंही असो, त्याच्या नावाखाली मूल गप्प बसवता येतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या नात्यातली एक डॉक्टर मुलगी. ती आणि तिचा नवरा आदिवासी भागातल्या दवाखान्यात कामाला जायचं म्हणताहेत. मुलगी सात वर्षांची. 'तिला पुण्याला वसतिगृहात ठेवा, तिकडे काय शिक्षण मिळणार?' असा घरातल्या बहुतेकांचा सूर आहे.

माझं मत उलट आहे. तिथली शाळा आपल्या मुलीला चालणार नसेल, तर तिथल्या मुलांना ती का चालावी? हेमलकशाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. लोकबिरादरी प्रकल्प 1973 चा, आश्रमशाळा 1976 ची. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांची मुलं त्याच शाळेत माडिया मुलांच्या मांडीला मांडी लावून शिकली आणि पुढे डॉक्टर-इंजिनिअर होऊन तिथेच कामाला लागली. माझ्या नोकरीतला अनुभवही हेच सांगतो. ज्या वर्गात शिक्षकांची स्वतःची पोरं बसत, त्या वर्गाचा तास सहसा बुडत नसे. डॉक्टरांची मुलगी वर्गात असेल तर त्या शाळेचाही फायदाच आहे.

मी वसतिगृहांच्या विरोधात नाही. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला वर्ग निम्मे रिकामे होत. आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरंही गाडीवर चढत. जी हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिली त्यांचीच शाळा टिकली. पण त्या आईबापांपुढे दुसरा मार्ग नव्हता. सेवेला निघालेल्यांपुढे असतो.

तेव्हा दहा वर्षांच्या आतलं मूल जवळच ठेवावं. पुढे पाठवावंच लागलं तर त्याला विचारून, आणि त्याला कुणाच्या देखरेखीशिवाय घरी फोन करता येईल अशाच ठिकाणी. 'मला इथे आवडत नाही' असं ते म्हणालं, तर ऐकून घ्यायची आणि वेळ पडल्यास कामाची जागा बदलायची तयारी हवी. समाजसेवेचं व्रत आईबापांनी घेतलेलं असतं. उपास मुलांना घडू नये, एवढंच.

असो. घरात वाद होणार हे ठाऊक आहे. होऊ द्या.